पोर्ट ब्लेअरला जाताय? मराठवाड्यातून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे लोक फार प्रश्न विचारतात. परभणीत मला तर कुठेही गाठून विचारतात: बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या गेटवर. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. माझ्यासोबत गेलेल्या आणि माझ्याशी बोलून मग स्वतः जाऊन आलेल्या मंडळींचे अनुभवही यात आहेत.

बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हॅवलॉक बेटाचा पांढरा किनारा असतो आणि पोर्ट ब्लेअर म्हणजे नुसता रात्रीचा मुक्काम. हे पान त्या मुक्कामाच्या शहराबद्दल आहे. टेकड्यांच्या उतारावर वसलेलं, खाड्यांनी वेढलेलं हे बंदराचं गाव स्वतःच दोन-तीन दिवस द्यावं असं आहे.

पोर्ट ब्लेअर म्हणायचं की श्री विजयपुरम?

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने शहराचं नाव श्री विजयपुरम केलं. लोकांच्या बोलण्यात अजून पोर्ट ब्लेअरच आहे, म्हणून मीही इथे तेच लिहितेय. बेटांची नावं त्याआधीच, ३० डिसेंबर २०१८ ला बदलली. रॉस झालं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉक झालं स्वराज द्वीप आणि नील झालं शहीद द्वीप. बोटीच्या तिकिटावर नवं नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं, असं सर्रास होतं. दोन्ही माहीत असलेली बरी.

मराठवाड्यातून जायचं कसं?

थेट काही नाही. आधी मोठं विमानतळ गाठायचं, तिथून पुढे समुद्रावरून. नांदेड, परभणी, लातूर, हिंगोलीकडच्यांना माझा सल्ला हैदराबादचा आहे. अजिंठा एक्स्प्रेसने रात्री निघालात की सकाळी तिकडे. हैदराबादहून थेट विमान मिळालं तर उत्तम, नाहीतर चेन्नई किंवा बंगळूरुला बदलायचं. छत्रपती संभाजीनगर आणि जालनावाल्यांना चिकलठाण्याहून मुंबई किंवा दिल्ली सोयीची पडते. धाराशिवकडची मंडळी सोलापूरहून रेल्वेने चेन्नईला जातात आणि तिथून विमान धरतात. पैशाच्या दृष्टीने हा मार्ग पुष्कळदा सर्वांत हलका पडतो. चेन्नईहून विमानाला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात.

एक कळकळीची विनंती. रेल्वे आणि विमान यांच्यात अर्धा दिवस तरी मोकळा ठेवा. आपल्याकडच्या गाड्या किती वेळ पाळतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, आणि विमान कुणासाठी थांबत नाही.

उतरताना खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका. ढगांतून खाली आलं की आधी निळ्याच्या चार-पाच छटा दिसतात, मग एकदम गर्द हिरवी बेटं. वीर सावरकर विमानतळाची नवी इमारत जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, तिचा आकार शिंपल्यासारखा आहे. धावपट्टी नौदलाच्या ताब्यातली आहे, तेव्हा तिथे फोटो काढू नका.

जहाजाने गेलं तर?

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम इथून प्रवासी जहाजं सुटतात. चेन्नईपासून समुद्रमार्गे अंतर जवळजवळ १,२०० किलोमीटर, प्रवास अडीच-तीन दिवसांचा. वेळापत्रक महिन्याच्या हिशेबाने लागतं आणि हवामानाप्रमाणे सरकतं. हाताशी वेळ असलेल्या तरुणांनी जाताना जहाज आणि येताना विमान असं जरूर करावं. दोन दिवस चारी बाजूंना पाण्याशिवाय काही नाही, हे आपल्या पठारावरच्या माणसाने एकदा अनुभवावंच. लहान लेकरं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर मात्र विमानच.

कधी जावं? मे महिन्याच्या सुट्टीत चालेल का?

नोव्हेंबर संपता संपता ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. त्यातही जानेवारी ते मार्च सर्वांत शांत समुद्र.

मे महिन्याबद्दल जपून. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आपण दरवर्षी कान टवकारून ऐकतो, कारण तिथून आपल्या पेरणीचा हिशेब सुरू होतो. ती बातमी साधारण २० मेच्या आसपास येते. तुम्ही त्याच आठवड्यात तिथे गेलात तर तो पाऊस डोक्यावर घ्यावा लागतो आणि बोटी रद्द होतात. शाळेच्या सुट्टीमुळे मेच हवा असेल तर पहिल्या आठवड्यात उरकून या. दिवाळीच्या सुट्टीतही पावसाची सर येते. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात चक्रीवादळं होतात, म्हणून निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज पाहायचा.

परतीचं तिकीट काढून बसलेल्या एका ओळखीच्या कुटुंबाला मेच्या अखेरीस दोन दिवस खोलीत बसावं लागलं. घरातले आजोबा मात्र गॅलरीतून हलेनात. तो पाऊस पुढे आपल्या रानावर येणार, म्हणून ते बघत बसले होते.

थंडीचे, उन्हाचे कपडे किती घ्यायचे?

थंडीचे अजिबात नाहीत. तापमान वर्षभर तेवीस ते बत्तीसच्या दरम्यान. आपल्या बेचाळीस अंशांपुढे हे काहीच नाही असं वाटतं, पण हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. सुती कपडे, छत्री, ओल्या फरशीवर न घसरणाऱ्या चपला. जीन्स एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही.

तिथे म्हणे लवकर अंधार पडतो?

हो, आणि सगळ्यांचा बेत इथेच चुकतो. घड्याळ आपलंच, पण शहर लातूरच्या मानाने सोळा अंश पूर्वेला. त्यामुळे सूर्य तासाभराने आधी उगवतो आणि आधीच मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास दिवस मावळलेला असतो. सकाळी दहाला निघू, जेवू, मग बघू, असं केलंत तर दिवस हातातून गेला. पहाटे पाचला उठा. साडेपाच-सहाला बंदराच्या कठड्याशी उभे राहा. कोळ्यांच्या होड्या आत येत असतात, समोर रॉस बेटाचा दीपगृहाकडचा भाग उजळत जातो आणि रस्त्यावर चालायला निघालेल्या स्थानिकांखेरीज कोणी नसतं.

शहराला किती दिवस द्यायचे?

पॅकेजवाले दीड दिवस देतात. मी तीन म्हणेन. एक दिवस सेल्युलर जेल आणि आसपासचा बाजार. एक दिवस रॉस बेट आणि संग्रहालयं. एक दिवस चॅथम, खाडीपलीकडचा माउंट मणिपूर आणि संध्याकाळी चिडिया टापूचा सूर्यास्त. हॅवलॉक, नील यांचे दिवस वेगळे.

सेल्युलर जेल किती वेळ पाहायचं? मुलांना कळेल का?

किमान अर्धा दिवस, आणि सकाळचा. दुपारी सहलींचे घोळके येतात. संध्याकाळी ध्वनी-प्रकाश कार्यक्रम असतो, त्याचं तिकीट आधी काढून ठेवा. हिंदीतला खेळ आपल्या लोकांना सहज कळतो.

बांधकाम १८९६ ला सुरू झालं आणि १९०६ मध्ये संपलं. मध्ये टेहळणीचा मनोरा आणि त्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या तिमजली सात रांगा होत्या. आता तीनच उरल्यात. पाडलेल्या भागाच्या जागेवर सरकारी रुग्णालय उभं आहे. कोठड्या जवळजवळ सातशे. एका रांगेची समोरची बाजू दुसऱ्या रांगेच्या पाठीकडे येईल अशी रचना, म्हणजे कैद्याला कैद्याचं तोंड दिसू नये. सावरकरांना जुलै १९११ मध्ये इथे आणलं. थोरले बंधू बाबाराव त्याआधीपासून याच भिंतींच्या आत होते आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

माझं सांगणं एवढंच, की घाईने सावरकरांच्या कोठडीपाशी जाऊन फोटो काढून परतू नका. ती कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे. तिथे जाताना वाटेतल्या कोणत्याही एका रिकाम्या कोठडीत शिरा आणि मिनिटभर उभे राहा. साडेतेरा फूट लांब, सात-साडेसात फूट रुंद. छताजवळ एक झरोका, त्यातून फक्त आभाळ. बाहेर आलात की दाराची कडी नीट बघा. लोखंडी दांडा दारापासून लांब जातो, भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात शिरतो आणि कुलूप तिथे लागतं. गजांमधून हात कितीही बाहेर काढला तरी कैद्याची बोटं त्या कुलपापर्यंत पोचू नयेत, यासाठी केलेली ही योजना. माझ्या दहा वर्षांच्या भाचीने आत उभं राहून हात बाहेर काढून पाहिला. तिला त्यानंतर काही समजावून सांगावं लागलं नाही.

खाली अंगणात कोलू आहे. नारळाचं तीस पौंड तेल दिवसाला काढायचं, नाही निघालं तर फटके. आपल्या गावात जुने लाकडी घाणे पाहिलेल्यांना कळेल की जिथे बैल जुंपायचा तिथे माणूस जुंपला होता. बाजूला फाशीघर. समोरच्या बागेत पुतळे आहेत, तिकडे पर्यटक फिरकत नाहीत. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये इथेच जीवन संपवलं. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा गेले. बंगाल आणि पंजाबची नावं भिंतीवरच्या याद्यांमध्ये ओळीने येतात. त्या याद्या वाचायला वेळ काढा. ११ फेब्रुवारी १९७९ ला पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केली.

आपल्या भागातलं कोणी काळ्या पाण्यावर गेलं होतं का?

हा प्रश्न मला संभाजीनगरच्या एका शिक्षकांनी विचारला आणि तो मला फार आवडला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. जुलै १८५७ मध्ये हैदराबादच्या इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला झाला. त्याचं पुढारपण तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्याकडे होतं. मौलवी अलाउद्दीन यांना अंदमानला पाठवलं गेलं. तेव्हा सेल्युलर जेल नव्हतं. मार्च १८५८ मध्ये दोनशे कैदी उतरवून इंग्रजांनी इथे वसाहत सुरू केली होती आणि कैद्यांनाच जंगल तोडायला लावलं होतं. रोगराई, साप, उपासमार यांत कितीतरी माणसं गेली. ज्या रस्त्यांवरून आपण आज गाडीने फिरतो ते त्यांनी काढलेत.

नांदेडच्या लोकांनी आणखी एका ठिकाणी जावं. डॉ. दिवान सिंग यांच्या नावाचा गुरुद्वारा शहरात आहे. ते डॉक्टर होते, पंजाबीतले कवी होते. मार्च १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत बेटं जपान्यांच्या ताब्यात होती. त्यांनी दिवान सिंग यांना याच सेल्युलर जेलमध्ये कोंडून अतोनात छळ केला आणि १४ जानेवारी १९४४ ला ते गेले. हजूर साहिबला जाणाऱ्या आपल्या शीख शेजाऱ्यांना हे नाव माहीत असतं, बाकीच्यांना सहसा नसतं. पुढे त्याच महिन्यात, ३० तारखेला, जपान्यांनी हंफ्रेगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. तिथे स्मारक आहे.

त्याच जपानी काळात, ३० डिसेंबर १९४३ ला, नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. दोन्ही गोष्टी एकाच शहरात, महिन्याभराच्या आत घडल्या. गाइड तिरंग्याची सांगतात. छळाची आणि गोळीबाराची तुम्हाला विचारावी लागते.

रॉस बेट आणि नॉर्थ बे, दोन्ही करावं का?

रॉस चुकवू नका. अबर्डीन जेट्टीवरून बोटीने थोडक्या मिनिटांचं अंतर. ऐंशी वर्षांहून जास्त काळ इंग्रजांचा सगळा कारभार या टीचभर बेटावरून चाले. चर्च, बेकरी, नाचघर, क्लब, पाणी शुद्ध करण्याचा कारखाना, सगळं होतं. जून १९४१ मध्ये मोठा भूकंप झाला, मग जपानी आले आणि बेट ओस पडलं. आता त्या भिंतींना वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांची मुळं कवटाळून बसलीत. चर्चच्या खिडकीतून मुळं आत शिरून जमिनीला टेकलेली दिसतात. हरणं आणि मोर अंगाशी येतात. त्यांना बिस्किटं घालू नका.

नॉर्थ बे हे पाण्यातल्या खेळांचं ठिकाण. मुलं मागे लागली असतील तर जा. गर्दी, भाव आणि घाई मला तिथे फार वाटली. प्रवाळ पाहायचेच असतील तर वंडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉयला जा. परवाना लागतो, प्लास्टिकची पिशवी-बाटली नेऊ देत नाहीत, आणि म्हणूनच तिथलं पाणी स्वच्छ आहे. बोट काही महिनेच जाते, उरलेल्या काळात रेड स्किन बेटाला नेतात.

‘बंदर पाहायचं’ म्हणजे नेमकं काय पाहायचं?

आपल्याकडे नदीचा घाट माहीत असतो, बंदर माहीत नसतं. म्हणून सांगते.

चॅथमला जा. छोटं बेट आहे, पुलाने जोडलेलं. १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअरने पहिली वसाहत इथे केली होती, ती काही वर्षांतच सोडून द्यावी लागली. आता तिथे १८८३ पासून चालत आलेली सरकारी लाकूड गिरणी आहे. रविवार सोडून जा, म्हणजे करवती चालू दिसतील. पडौक नावाचं लाल लाकूड कापलं जाताना त्याचा भुसाही लालसर पडतो आणि सगळीकडे ओल्या लाकडाचा वास असतो. आवारात जपानी बॉम्बने पडलेला मोठा खड्डा तसाच राखलाय.

मग गिरणीशेजारच्या जेट्टीवरून बांबू फ्लॅटची फेरीबोट धरा. पर्यटकांची नव्हे, लोकांची. स्कूटर, जीप, भाजीच्या पाट्या, गणवेशातली मुलं, सगळे एकाच बोटीत. तिकीट अगदी मामुली. खाडीच्या मध्यावर आलात की एका बाजूला हॅडोचा धक्का, कंटेनर उचलणाऱ्या क्रेन, मुख्य भूमीवरून आलेलं मोठं जहाज आणि दुसऱ्या बाजूला थेट पाण्यापर्यंत उतरलेलं जंगल. तिथल्या माणसाचं तांदूळ, कांदा, सिमेंट, औषध, सगळं त्या जहाजांतून येतं. जहाज दोन दिवस लांबलं की बाजारात बटाट्याचा भाव चढतो. शेजारी बसलेल्या बाईशी बोला. माझ्या शेजारी बसलेल्या मावशींचे सासरे रांचीकडून मजुरीला आलेले. त्यांच्या घरात तीन भाषा बोलल्या जात होत्या आणि नातवंडं आपसात हिंदीच बोलत.

पलीकडे उतरून गाडीने माउंट मणिपूरवर जाता येतं. पूर्वीचा माउंट हॅरिएट. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरच्या राजघराण्यातल्या कैद्यांना इथे ठेवलं होतं, त्यांच्या स्मरणार्थ २०२१ मध्ये नाव बदललं. डोंगराच्या पायथ्याला होपटाउनच्या धक्क्यावर ८ फेब्रुवारी १८७२ ला शेर अली आफ्रिदी या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकलं.

वर गेलात की जुनी लाल-केशरी वीस रुपयांची नोट खिशात असू द्या. तिच्या मागचं नारळी आणि दीपगृहाचं चित्र याच भागातलं. आणि २०१९ पासून आलेल्या नव्या वीसच्या नोटेवर काय आहे? आपलं वेरूळ. दोन्ही नोटा शेजारी धरून त्या कठड्यावर मुलांचा फोटो काढा. मला तरी तिथे उभं राहून फार आनंद झाला होता.

आई-वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

शहर चढउताराचं आहे, पायी फिरवू नका. रिक्षा किंवा दिवसभराची गाडी ठरवा. जेलमध्ये खालचा मजला, अंगण, संग्रहालय एवढं पुरे, जिन्यांचा आग्रह नको. रॉसवर बॅटरीची गाडी मिळते. बोटीत चढताना फळी हलते. काठावरच्या खलाशाचा हात धरायला लाजायचं नाही. समुद्रिका संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, तो बसून पाहता येतो. संध्याकाळी मरीना पार्कचा बाक. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही अशी आपल्याकडची कितीतरी माणसं साठी ओलांडून पहिल्यांदा तिथे पोचतात. त्यांना स्थळं मोजायची नसतात. त्यांना निवांत बसू द्या.

बोट लागते का?

लागू शकते, विशेषतः हॅवलॉकच्या दीड-दोन तासांच्या प्रवासात. डॉक्टरांना विचारून गोळी आणा आणि निघायच्या अर्धा तास आधी घ्या. रिकाम्या पोटी जाऊ नका, भरपेट पुरी-भाजी खाऊनही नको. मध्यावर, खालच्या मजल्यावर बसा. मोबाइल बघत बसलेला माणूस सगळ्यांत आधी ओकतो.

पोहता येत नाही. पाण्यात उतरावं का?

आपल्यापैकी बहुतेकांचं पोहणं विहिरीतलं, तेही आता मागे पडलं. प्रशिक्षकाबरोबर स्कूबा न पोहणाऱ्यालाही करता येतं, कारण तो शेवटपर्यंत तुम्हाला धरून असतो. पण दमा, हृदयविकार, रक्तदाब, कानाचा त्रास असेल तर फॉर्मवर लपवू नका. आणि स्कूबा केल्यावर एक दिवस विमानात बसायचं नाही, म्हणून ते शेवटच्या दिवशी ठेवू नका.

मोकळ्या समुद्रात मात्र पाटी वाचल्याशिवाय पाय घालू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. कॉर्बिन कोव्ह, वंडूर इथे इशाऱ्याचे फलक लावलेत, पोहण्यासाठी जाळी लावून जागा आखून दिल्यात. ‘काही होत नाही’ म्हणणारा एक जण प्रत्येक सहलीत असतो. त्याचं ऐकू नका.

शाकाहारी, माळकरी माणसाची जेवणाची सोय होते का?

होते. अबर्डीन बाजारात इडली-डोसा, उत्तर भारतीय थाळी, सगळं मिळतं. भाजी महाग, कारण बरीचशी जहाजाने येते. ज्वारीची भाकरी मिळणार नाही. दोन दिवसांच्या दशम्या-धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट सोबत घ्या. तिसऱ्या दिवशी कुणालातरी त्याची आठवण येतेच. एकादशी असेल तर भगर आणि साबुदाणा घरून न्या, हॉटेलवाले सांगितलं तर करून देतात. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. सुरमई, कोळंबी, खेकडा. शहाळी भरपूर आणि गोड.

पाण्याची काय परिस्थिती?

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव. आपल्याकडे सातशे पडला तर बरं वर्ष. तरीही उन्हाळ्यात पोर्ट ब्लेअरला पाणीटंचाई असते. शहराला धनीखारी धरणाचं पाणी येतं, उतारावरचं बाकीचं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं. मार्च-एप्रिलमध्ये एक-दोन दिवसांआड नळ येतो, टँकर फिरतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं पाहिलेल्या लातूरकरांना मी वेगळं काय सांगावं? हॉटेलात बादलीने अंघोळ करा. टॉवेल रोज बदलून मागू नका. तुम्ही वापरलेलं पाणी तिथल्या कुणाच्या तरी हंड्यातलं आहे.

बाराटांगला जायचं का? जारवा आदिवासी दिसतात म्हणे.

चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी बघायला जायचं असेल तर जा. पहाटे फार लवकर निघावं लागतं, कारण जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ताफ्याने सोडतात. खारफुटीतून बोटीने जाणं सुंदर आहे.

पण तो रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. गाडी थांबवणं, फोटो काढणं, खाऊ देणं हा गुन्हा आहे. १९५६ पासून त्यासाठी कायदा आहे. ‘माणसं बघायला’ म्हणून कोणी नेत असेल तर त्या गाडीत बसू नका. आपल्या तांड्यावर, आपल्या वस्तीवर कोणी बाहेरून येऊन काचेतून आपल्या लेकरांचे फोटो काढले तर आपल्याला कसं वाटेल? मी स्वतः गेले नाही आणि जाणारही नाही.

भाषा, मोबाइल, पैसे?

हिंदी सगळीकडे चालते. बंगाली, तमिळ, तेलुगू कानावर पडतात. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून शहरात इंटरनेट सुधारलंय. हॅवलॉक-नीलला भरवसा नाही. ऑनलाइन पैसे शहरात चालतात, तरी रोख ठेवाच. भारतीयांना पोर्ट ब्लेअरसाठी परवाना लागत नाही, आधार कार्ड मात्र प्रत्येक बोटीवर दाखवावं लागतं, लेकरांचंसुद्धा.

खर्च कमी कसा करायचा?

सगळ्यात मोठा भाग विमानाचा. दोन-तीन महिने आधी काढलं तर फरक चांगलाच पडतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. बेटांवर जायला सरकारी बोट खाजगीपेक्षा बरीच स्वस्त आहे, पण तिचं तिकीट लवकर संपतं. केंद्र सरकारी नोकरी असेल तर एलटीसीचे, म्हणजे रजा प्रवास सवलतीचे, चालू नियम कार्यालयात विचारून घ्या. पॅकेज घेतलंच तर कागदावर हॉटेलचं नाव, बोटीचं नाव आणि कोणती तिकिटं धरलीत हे लिहून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका गटाला ‘समुद्रकिनाऱ्यावरचं हॉटेल’ सांगून बाजारातल्या गल्लीत उतरवलं होतं.

शंख-शिंपले आणले तर चालतात का?

किनाऱ्यावरून उचलू नका. प्रवाळ आणि कित्येक शंख वन्यजीव कायद्याखाली येतात आणि विमानतळावर सामान उघडून काढून घेतात. वर दंड. सरकारी एम्पोरियममधून पावतीसह घ्या किंवा पडौकच्या लाकडाची लहानशी वस्तू आणा, तिचीही पावती जपा.

परतीच्या दिवसाचं काय ध्यानात ठेवायचं?

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने यायचं आणि दुपारचं विमान धरायचं, असा बेत कोणी आखून दिला तर तो बदलून घ्या. वारा वाढला की बोटी बंद ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं तिकीट तिथे ऐनवेळी मिळणं मुश्कील आणि महाग. रात्री शहरात असलात की सकाळी अबर्डीन बाजारात खरेदी होते, विमान उशिराचं असेल तर समुद्रिका राहिलेलं पाहून होतं, आणि विमानतळ शहरापासून अगदी जवळ असल्याने धावपळ होत नाही. पुढे हैदराबाद किंवा चेन्नईहून रेल्वे असेल तर तिचं आरक्षण रात्री उशिराच्या गाडीचं करा.